सातबारा नाही, तर हमीभाव कुठला?

महिला शेतकऱ्यांना बाजारपेठ मिळवून देऊ, असे सगळेच म्हणतात. अहमदपूर तालुक्यात काम करताना आम्ही विचारतो, सातबारा कधी देणार? हमीभावाने सोयाबीन विकायचे तर नोंदणीला पीकपेऱ्यासह सातबारा लागतो. पीककर्जालाही तोच. गायरान कसणाऱ्या आमच्या आयाबायांकडे तो नाही, म्हणून त्यांचा माल आडत्याच्या भावाने जातो.

ही लढाई जुनी आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात आणि १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्यात स्त्रियाही तुरुंगात गेल्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरी कितीतरी कुटुंबे आजही सरकारदरबारी 'अतिक्रमणधारक'च आहेत.

मुलीला वारसाहक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले, हे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. त्यांचे नाव घेणाऱ्या आपण तरी जमिनीच्या कागदावर बायकोचे, लेकीचे नाव लावतो का?

आमची मागणी साधी आहे: गायरानाच्या नोंदी करा आणि त्यावर कसणारीचे नाव लिहा. बाजाराची वाट तलाठ्याच्या दप्तरातून जाते.

जय भीम!