दाईची सनद

२००३ साली माझे बीएडचे प्रमाणपत्र आले, तेव्हा अब्बांनी ते फ्रेम करून बैठकीत टांगले. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने काचेवरून हात फिरवला आणि विचारले, “इस कागद से बच्चे सीखते क्या?” सगळे हसले, मीही हसले. प्रश्न तिथेच राहिला.

दादी कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावची दाई होती. मुसलमानांची दहा-बारा घरे, बाकी मराठा, धनगर, माळी, महार, मांग. ज्या घरात तिला एरवी पाणी वरून ओतून दिले जाई, त्याच घरात रात्री दोन वाजता तिला आतल्या खोलीपर्यंत नेत. मोबदला म्हणून पायलीभर ज्वारी, चोळीचा खण, कधी नुसताच नारळ. तिच्याकडे कुठलीच सनद नव्हती.

हे सगळे आज आठवायला कारण माझी पुण्यातली भाची. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिने एक ऑनलाइन वर्ग केला. शिकवणारी बाई डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. ती होती ‘चाइल्डबर्थ एज्युकेटर’, म्हणजे बाळंतपणाचे शिक्षण देणारी. कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, दवाखान्यात कधी निघायचे, डॉक्टरांना काय विचारायचे, हे ती समजावून सांगे. भाचीला ते इतके पटले की तिला आता स्वतःच तो कोर्स करून प्रमाणपत्र घ्यायचे आहे. तिने फोनवर विचारले, “फुफी, करू का? की हा सगळा शहरी नखरा आहे?”

मी इतिहासात रमणारी शिक्षिका. तिला लगेच उत्तर देण्याऐवजी मी मागे जाऊन पाहिले.

काबिला ते दाई

अरबीत सुईणीला ‘काबिला’ म्हणतात. बाळाला स्वीकारणारी, हातात घेणारी. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात मानवी वस्तीला आवश्यक असलेल्या कसबांची चर्चा केली. त्यात शेती, बांधकाम, विणकाम यांच्या बरोबरीने सुईणपणावर स्वतंत्र प्रकरण आहे. हनफी फिकहमध्ये मूल जन्मल्याची साक्ष एकट्या दाईने दिली तरी ती ग्राह्य धरली गेली. जिथे एरवी दोन-दोन साक्षीदार लागत, तिथे हिचा एकटीचा शब्द पुरे. समाजाने तिला दिलेली सनद होती ती, फक्त कागदावर लिहिलेली नव्हती.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. १८८५ मध्ये हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन फंड सुरू झाला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप्स फंड निघाला. हेतू चांगला होता, कामही झाले. पण त्या काळातल्या अहवालांत दाई भेटते ती बहुतेक अडाणी, घाणेरडी, बाळंतिणींच्या मृत्यूला जबाबदार बाई म्हणून. तिला काय येते, हे फारसे कुणी विचारले नाही.

तरीही त्या आरोपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दादीची नात असून म्हणणार नाही. नाळ विळ्याने किंवा घरात पडलेल्या ब्लेडने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचे, ही रीत गावोगाव होती. त्यातून बाळाला धनुर्वात होई. पाच-सात दिवसांचे मूल दूध ओढायचे थांबे, दातखीळ बसे, अंग ताठ होई. लोक म्हणत, सटवाईचा फेरा. आमच्यात म्हणत, असर हो गया. दादीच्या हातून जन्मलेली तीन बाळे अशी गेली होती. त्यांच्या आयांची नावे तिला शेवटपर्यंत पाठ होती.

जामखेडची शाळा

पाश्चात्त्य देशांत बाळंतपणाचे शिक्षण हा स्वतंत्र विषय झाला तो विसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये मांडले की भीतीने अंग आखडते आणि आखडल्याने वेदना वाढतात; म्हणून बाईला आधी समजावून सांगा. फ्रान्समध्ये डॉ. फर्नांड लामाझ यांनी १९५१ नंतर श्वासाची आणि अंग सैल सोडण्याची पद्धत रुजवली. १९६० साली अमेरिकेत या शिक्षणासाठी संघटना उभ्या राहिल्या. पुढे प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र अशी घडी बसली. माझ्या भाचीचा कोर्स याच परंपरेतला.

पण त्यानंतर दहाच वर्षांनी आपल्या जिल्ह्यात एक वेगळीच शाळा सुरू झाली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. याच जिल्ह्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आधी काम केले होते. तिथे त्यांच्या लक्षात आले की बरे होऊन गेलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला, जनावरांच्या एका पडक्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले. त्या भागात १९७१ च्या सुमारास जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवल्या. तो प्रयोग फसला. परक्या, तरुण, शहरी वळणाच्या मुलीचे ऐकून कुठली सासू सुनेचे बाळंतपण बदलणार? मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. बहुतेक जणी निरक्षर, अनेक दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि गावी परतून तेच दुसऱ्यांना शिकवत.

या प्रशिक्षणात पहिला धडा शरीराचा नव्हताच. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र रांधायचे, एकत्र जेवायचे आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपायचे, असे तिथे घडवून आणले गेले. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नाही, तिचा हात बाळंतिणीला कसा चालणार? हा अडसर आधी दूर करावा लागला. त्यानंतर धडे आले ते स्वच्छतेचे: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि कापलेल्या नाळेवर काहीही लावायचे नाही. गरोदरपणी धनुर्वाताची लस, पोटभर खाणे, अंगावर सूज आली किंवा रक्त गेले तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. गावच्या जुन्या दाईला हाकलून न देता तिच्यासोबत काम करायचे.

पुढच्या दोन दशकांत त्या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण हजारी विसाच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ज्या प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरे म्हणजे मोठे डॉक्टर आणि हातातला वातीचा दिवा म्हणजे आपण, अशी तुलना त्यांनी केली. दिव्याने दिवा लावता येतो, झुंबराने येत नाही, असा तिचा आशय होता. जवळके गावच्या सरूबाई साळवे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांवर डिसेंबर २००८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मोठा लेख छापला. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवणाऱ्यांत या बायकाही असत. शिकणारा प्रमाणपत्र घेऊन परत जाई आणि शिकवणारीकडे मात्र स्वतःचे असे एकही नसे.

साबणाचा तुकडा

दादी कधी जामखेडला गेली नाही. पण तिच्या बहिणीचे सासर त्या बाजूला होते. एका लग्नात तिथल्या गावची एक आरोग्य कार्यकर्ती तिच्या शेजारी बसली. दोघी निरक्षर, दोघींचे काम एकच. बोलता बोलता त्या बाईने धनुर्वाताचे कारण सांगितले: सटवाई नाही, असर नाही, गंजलेले ब्लेड आणि शेण. अम्मी सांगते, दादी त्या लग्नातून आली ती दोन दिवस जेवली नाही. मग एवढेच म्हणाली, “मेरेकू पैले किसीने बताया क्यों नै?”

त्यानंतर तिच्या पिशवीत साबणाचा तुकडा, नवे ब्लेड आणि उकळलेला दोरा कायम असे. पुढे तिच्या हातचे एकही बाळ तसे गेले नाही.

दादीचा तो प्रश्न मला फार मोठा वाटतो. ती बेफिकीर नव्हती. तिला कुणी सांगितले नव्हते. ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याकडे कागद होता, पण ते तिच्यापर्यंत आले नाहीत. जिने सांगितले, तिच्याकडे कागद नव्हता.

आज कोण सांगते?

सरकारनेही दायांना शिकवले. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दाई प्रशिक्षणावर भर होता. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि दाईचे काम संपले. त्याचे मला दुःख नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्यातला मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. मे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. दादीच्या तीन बाळांना हे पाहायला मिळायला हवे होते.

पण जागा बदलली म्हणून सांगणारी आपोआप मिळाली असे नाही. दाई आठ महिने घरी येई, पोटावर हात ठेवून बोलत बसे. दवाखान्यात तपासणी होते, बोलणे होत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई सांगत होती, “मॅडम, सही करो बोले, मैंने की. पोट कायको काटे, मेरेकू अब तक नै मालूम.” त्याच पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनची दिसतात. त्यातली अनेक जीव वाचवणारी असतील; कुठली कशासाठी, हे त्या बाईला कळायला हवे एवढेच. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना भाषा अडते, बुरखा पाहून समोरच्याचा बदलणारा सूर अडतो, पुरुष डॉक्टरसमोर जीभ अडते. आणि आपल्या घरांतही या विषयावर बोलणे बेशरमी समजले जाते. हा दोष दवाखान्याचा नाही, आपला आहे.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार नर्सिंग शिकलेल्या परिचारिकांना १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन सुईणपणाच्या कामासाठी तयार केले जाते. म्हणजे सुईण परत येते आहे, यावेळी सनद घेऊन. ही चांगलीच गोष्ट आहे.

भाचीला मी कळवले: कोर्स जरूर कर. अभ्यासाशिवाय, परीक्षेशिवाय कुणाला बाळंतपण शिकवू नये, हे मी दादीच्या तीन बाळांवरून शिकले आहे. पण कोर्स निवडताना तीन गोष्टी बघ. आपली हद्द कुठे संपते आणि डॉक्टरचे काम कुठे सुरू होते, हे तो स्पष्ट शिकवतो का? खऱ्या गरोदर बायकांसमोर बसून शिकवण्याचा सराव देतो का? आणि जे शिकवतो ते दखनीत, मराठीत, सासूला समजेल असे सांगता येते का? प्रमाणपत्र आले की फ्रेम कर, हरकत नाही. पण पहिला वर्ग मोहल्ल्यात घे, फी न घेता.

तिचा कोर्स अजून सुरू आहे. या सुट्टीत मात्र ती नगरला आली आणि आमच्या कॉलनीतल्या एका घरात सात-आठ बायका जमल्या. ती शिकवायला नाही, ऐकायला बसली होती. प्रश्न वहीत उतरवत होती, शिकून आल्यावर उत्तरे द्यायची म्हणून. बराच वेळ कुणी बोलेना. मग मागे बसलेली एक सासू दबकत म्हणाली, “मेरे टाइम पे किसीने कुछ नै बताया. बहू के साथ मैं भी बैठी तो चलता क्या?”

भाचीने सरकून तिला आपल्या शेजारी जागा दिली.