इन्सुलिन हातातून हातात: टाइप वन मधुमेह आणि हृदयशस्त्रक्रियेची तयारी

टाइप वन मधुमेह असलेल्या माणसाला बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया सांगितली, की घरात पहिला प्रश्न निघतो: शुगर किती असली म्हणजे ऑपरेशन करतात? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. हा माणूस वीस-तीस वर्षे स्वतःच्या स्वादुपिंडाचे काम स्वतः करत आलेला असतो. भाकरी किती, चालणे किती, इन्सुलिन किती, हा हिशेब त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. शस्त्रक्रियेच्या त्या आठवड्यात हा हिशेब त्याच्याकडून भूलतज्ज्ञाकडे, तिथून आयसीयूच्या सिस्टरकडे, मग वॉर्डातल्या निवासी डॉक्टरकडे आणि शेवटी पुन्हा त्याच्याकडे येतो. नळ गळतो तो बहुधा सांध्यात. इथेही तसेच आहे. खरी जोखीम इन्सुलिन एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणांत साठलेली असते, आणि तयारी करायची ती मुख्यतः त्या क्षणांची.

टाइप वन प्रकारात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. अंगचे इन्सुलिन जवळजवळ शून्य. बाहेरून मिळाले नाही तर यकृत साखर ओतत राहते, चरबी वितळू लागते, किटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होते. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिले इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराचा शेवट ठरलेला होता. रुग्णालयात येणारे बहुसंख्य मधुमेही टाइप टूचे असतात. त्यांचे स्वादुपिंड थोडेफार काम करत असते, म्हणून उपाशी असताना त्यांचे इन्सुलिन काही तास थांबवले तरी बहुधा निभावते. त्या सवयीतून वॉर्डात एक वाक्य सहज येते: ‘काका, शुगर ९८ आहे, तुम्ही उपाशी आहात, आज इन्सुलिन नको.’ टाइप वनच्या रुग्णासाठी हे वाक्य धोक्याचे आहे. जेवणाचे इन्सुलिन जेवणाबरोबर थांबते. पायाचे, म्हणजे बेसल इन्सुलिन कधीच थांबत नाही. शुगर कमी असेल तर ग्लुकोज चालू करायचे, इन्सुलिन शून्यावर आणायचे नाही. फाइलच्या पहिल्या पानावर नुसते ‘डीएम’ लिहिलेले असेल तर तिथे ‘टाइप वन’ असे ठळक लिहून घ्यावे. या एका शब्दावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

हृदयापर्यंत गोष्ट का येते, हे थोडक्यात. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की रोहिण्यांचे अस्तर खराब होते. १,४४१ टाइप वन रुग्णांवरचा डीसीसीटी हा अमेरिका-कॅनडातला प्रयोग १९९३ मध्ये संपला. त्याच रुग्णांचा पाठपुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे काटेकोर उपचार घेतलेल्यांत हृदयरोगाच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी दिसल्या. स्टेंट की बायपास या वादात २०१२ चा फ्रीडम प्रयोग महत्त्वाचा. अनेक रोहिण्या तुंबलेल्या १,९०० मधुमेहींत पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. पक्षाघात मात्र बायपासनंतर अधिक झाले. या प्रयोगातले बहुतेक रुग्ण टाइप टूचे होते. म्हणून हे आकडे टाइप वनला जसेच्या तसे लावताना जरा हात आखडता घ्यावा.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्यांत एचबीएवनसीभोवती, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्याभोवती, फार गर्दी होते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी तो शक्य तर आठच्या खाली असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामागे कारण आहे: छातीचे हाड कापून पुन्हा तारेने बांधलेले असते, आणि साखर चढी राहिली तर तिथला खोल जंतुसंसर्ग महिनोन्‌महिने छळतो. पण डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असेल तर तीन महिने थांबून साडेनवाचे साडेसात करत बसणे हा शहाणपणा नव्हे. शिवाय हा आकडा फसवतोही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो खोटा वाढतो, रक्त चढवले असेल तर बदलतो, आणि सात हा आकडा चाळीस ते तीनशेच्या हेलकाव्यांतूनही निघू शकतो. साखर सतत मोजणारा सेन्सर वापरणाऱ्याने मागच्या दोन आठवड्यांचा आलेख डॉक्टरांपुढे ठेवावा: ७० ते १८० मध्ये किती वेळ, सत्तरच्या खाली किती. माझ्या मते शस्त्रक्रियेआधी सत्तरच्या खालचा वेळ कमी करणे हे एचबीएवनसी अर्ध्या टक्क्याने उतरवण्याहून जास्त उपयोगाचे. वारंवार शुगर लो होणाऱ्याला लो झाल्याचे कळेनासे होते. काही आठवडे लो टाळले तर ती जाणीव बरीचशी परत येते.

बाकीच्या तपासण्या ‘फिटनेस’च्या नावाखाली भराभर उरकल्या जातात, त्यांतली एक मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाला नमस्कार करायला सांगायचे. जुन्या टाइप वनमध्ये सांध्यांभोवतीचे ऊतक साखरेने ताठरते आणि तळवे पूर्ण जुळत नाहीत. बोटांच्या मधल्या पेरांपाशी फट राहते. हातात जे दिसते ते मानेत आणि जबड्यातही असू शकते, म्हणजे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाण्याची शक्यता. अर्ध्या मिनिटाची, बिनखर्चाची तपासणी. भूलतज्ज्ञाने विचारले नाही तर आपण हात जोडून दाखवावेत. त्याचप्रमाणे जेवणानंतर तासन्‌तास पोट भरलेले वाटणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे, छातीत न दुखताच दम लागणे ही स्वायत्त मज्जातंतू बिघडल्याची चिन्हे असू शकतात. पोट उशिरा रिकामे होत असेल तर नेहमीचे उपाशी राहणे पुरत नाही. भुलेत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो. लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा, पायांवरच्या जखमा, दात (झडपेच्या शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच) आणि थायरॉइड हेही पाहावे. टाइप वनबरोबर थायरॉइडचा आजार वारंवार असतो. कारण नसताना इन्सुलिनची गरज घटत असेल आणि शुगर लो होत असेल तर अधिवृक्क ग्रंथीचाही विचार व्हावा, कारण हृदयशस्त्रक्रियेत कॉर्टिसोलची उणीव जिवावर बेतू शकते.

एक मुद्दा असा आहे की तो रुग्णाला सहसा कोणी विचारत नाही: पूर्वी कोणते इन्सुलिन घेत होता? १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी माशाच्या शुक्रद्रवातले प्रोटामिन इन्सुलिनला जोडून त्याचा परिणाम लांबवला. एनपीएच हे दुधाळ इन्सुलिन त्याच वंशातले, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले जाणारे ३०/७० मिश्रणही. आता बायपासकडे पाहा. रक्त यंत्रातून फिरवायचे तर ते गोठू नये म्हणून हेपारिन देतात, आणि शेवटी हेपारिनचा परिणाम उलटवण्यासाठी जे औषध देतात ते हेच प्रोटामिन. वर्षानुवर्षे प्रोटामिनयुक्त इन्सुलिन टोचलेल्या काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. त्यांना रक्तदाब कोसळण्यापर्यंतची तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि म्हणून शस्त्रक्रिया नाकारायचीही नसते. पण भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक असेल तर तो औषध सावकाश देतो, तयारीत राहतो. आज ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन चालू असले तरी दहा वर्षांपूर्वी ३०/७० घेत होतो, हे सांगायलाच हवे. औषधांचीच आणखी एक गोष्ट: इन्सुलिनच्या जोडीला मधुमेहाची ग्लिफ्लोझिन गटातली गोळी कोणी दिली असेल तर ती किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते (अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस), कारण त्या गोळ्यांमुळे शुगर जेमतेम चढलेली असतानाही किटोन साचतात आणि मीटर पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आदल्या रात्रीचे हस्तांतर पहिले. दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा नेहमीच्या मात्रेच्या साधारण ७५ ते ८० टक्के डोस दिला जातो. नेमका आकडा आपल्या मधुमेहतज्ज्ञाने ठरवावा. डेग्लुडेकचा परिणाम दीड दिवसाहून अधिक टिकतो, म्हणून त्याचा विचार आणखी आधीपासून करावा लागतो. शस्त्रक्रिया यादीत सकाळी पहिली असावी हा हट्ट मात्र बिनधास्त धरावा. उपास जितका लांबतो तितका लो आणि किटोन दोन्हींचा धोका वाढतो. पहाटे शुगर लो झाली तर काय घ्यायचे, हे रात्रीच विचारून लिहून ठेवावे. नाहीतर घाबरलेल्या नातेवाइकाने दिलेल्या चहा-बिस्किटाने शस्त्रक्रियाच पुढे ढकलली जाते. पंप असेल तर तो नेमका कधी काढायचा आणि शिरेतले इन्सुलिन कोणत्या क्षणी चालू करायचे, या दोन वेळा एकमेकींना टेकलेल्या हव्यात. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. तो काढून ठेवला की शरीरात साठा असा उरतच नाही. सेन्सर अंगावर राहिला तरी यंत्रावरच्या काळात त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण शरीर थंड केलेले असते आणि त्वचेचा रक्तपुरवठा कमी असतो.

शस्त्रक्रियागृहात शरीर थंड केले की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल साखर ढकलतात, मग उबदार करताना गणित पुन्हा बदलते. म्हणून इथे इन्सुलिन शिरेतून ड्रिपने देतात आणि धमनीतल्या रक्तावर साखर मोजतात. यंत्रावरच्या पातळ झालेल्या रक्तात बोटावरचे ग्लुकोमीटर अनेकदा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, त्यामुळे लो झाकले जाऊ शकते. पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते ती वेगळीच. इन्सुलिन ते पेशींत ओढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. ड्रिपचा फायदा अमेरिकेत पोर्टलंडच्या फर्नरी यांनी १९९९ मध्ये दाखवला: त्वचेखालच्या इंजेक्शनांऐवजी सलग ड्रिप दिल्यावर छातीच्या हाडाचा खोल संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला. साखर किती घट्ट धरावी यावर मात्र पुढची दहा वर्षे मतांचा लंबक फिरत राहिला. २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेनमध्ये ८० ते ११० ठेवल्याने आयसीयूतले मृत्यू ८ वरून ४.६ टक्क्यांवर आले, आणि जगभर तेच ध्येय झाले. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नाइस-शुगर प्रयोगात उलटे दिसले: घट्ट गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, सैल गटात २४.९, तीव्र लो ६.८ टक्के विरुद्ध ०.५. आज बहुतेक ठिकाणी १४० ते १८० ची पट्टी धरतात. घरी ११० वर अभिमान असणाऱ्या रुग्णाला आयसीयूत १६५ दिसले की जीव कासावीस होतो. तिथे तोच आकडा ठीक आहे.

सगळ्यांत कच्चा सांधा याच्या पुढे येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर असतो, थोडे खाऊ लागतो, आयसीयूतली खाट रिकामी करायची घाई असते, आणि ड्रिप बंद होते. शिरेतले इन्सुलिन काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते, त्याचा परिणामही लवकरच ओसरतो. त्वचेखालच्या ग्लार्जिनला चढायलाच दोनेक तास लागतात. म्हणून बेसल इंजेक्शन आधी आणि ड्रिप त्यानंतर दोन तासांनी बंद, हा क्रम. ड्रिप आधी काढली आणि ग्लार्जिन ‘रात्री दहाला, नेहमीच्या वेळेला’ लिहिले, तर मधले सहा-सात तास टाइप वनचा रुग्ण इन्सुलिनशिवाय राहतो. तेही नुकतीच छाती उघडलेली असताना. संध्याकाळी शुगर ३५०, मळमळ, श्वास जलद. मळमळ भुलेमुळे आणि श्वास छातीच्या दुखण्यामुळे म्हणून सोडून दिला जातो. त्या वेळी रक्तातले किटोन मोजले तर उत्तर मिनिटात मिळते. ‘दोनशेच्या वर असेल तर चार युनिट, तीनशेच्या वर असेल तर आठ’ असला स्लायडिंग स्केल एकटा लिहिलेला दिसला, तर बेसल कुठे आहे असे नातेवाइकाने नम्रपणे पण लगेच विचारावे.

वॉर्डात आणखी एक, खास आपल्याकडची भानगड असते. इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या मिळतात. सिरिंजही दोन, लाल टोपणाची चाळीसची आणि केशरी टोपणाची शंभरची. चाळीसच्या बाटलीतून शंभरच्या सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत ओढले तर पोटात जातात फक्त आठ युनिट. उलट शंभरच्या बाटलीला चाळीसची सिरिंज लावली तर वीसच्या रेघेवर पन्नास. पेनची काडतुसे शंभरची असतात, त्यामुळे ‘पेनमधूनच सिरिंजने काढते’ म्हणणाऱ्या सिस्टरला थांबवावे. स्वतःचे पेन, सुया, मीटर आणि किटोनच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात, आणि शुद्ध आल्यावर कोणत्या टप्प्यापासून डोस आपण ठरवायचे, याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. भूक बेभरवशाची असते त्या दिवसांत जेवणाचे इन्सुलिन खाऊन झाल्यावर, पोटात गेले त्याच्या मानाने घेतलेले बरे.

घरी येताना शरीरातली सूज आणि ताण ओसरत असतो, आणि रुग्णालयात दीडपट झालेली इन्सुलिनची गरज पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घसरत जाते. डिस्चार्ज कार्डावरचा डोस दर दोन-तीन दिवसांनी कमी करावा लागू शकतो. त्यात मेटोप्रोलॉलसारखे औषध नव्याने सुरू झालेले असते; ते हाताची थरथर आणि धडधड दाबते, त्यामुळे लो झाल्याची ओळखीची खूण हरवते. घाम मात्र येतोच. सकाळी फेरीला निघताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात, आणि उन्हाशिवाय घाम फुटला तर छातीची काळजी करत बसण्याआधी बोट टोचून पाहावे. आकडा ठीक निघाला तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.