तिकीट नंबर ते वारस : गिरणगावातल्या नोंदींचे नातेसंबंध

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ साली त्यांनी कंपनी उभारली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे सूत निघू लागले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, दादर, वरळी, भायखळा या पट्ट्याला गिरणगाव हे नाव मिळाले. या गिरणगावाचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः संप, युनियन, शाहिरी आणि चाळी यांच्या अंगाने लिहिला गेला, आणि ते योग्यही आहे. या लेखात मात्र एका कोरड्या वाटणाऱ्या साधनाकडे पाहायचे आहे. ते साधन म्हणजे कामगाराची नोंद. ती कोणी केली, कोणत्या वहीत केली, आणि वेगवेगळ्या वह्यांतल्या नोंदी आज संगणकाच्या एकाच पानावर शेजारी शेजारी मांडताना काय घडते, हा प्रश्न आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या निमित्ताने तो हजारो कुटुंबांच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

एक माणूस, अनेक वह्या

गिरणीच्या दृष्टीने कामगार म्हणजे तिकीट नंबर. कोणते खाते, कोणती पाळी, किती हजेरी आणि किती पगार, एवढे कळले की गिरणीचे काम भागे. त्यामुळे हजेरीपटात त्याच्या बायकोचे नाव असण्याचे कारण नव्हते आणि त्याचे गाव कोणते हेही लिहायची गरज नव्हती. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानंतर दवाखान्यासाठी एक वेगळा क्रमांक आला. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने आणखी एक क्रमांक दिला. चाळीच्या भाडेपावतीवर खोली ज्याच्या नावावर त्याचे नाव असे, मग खोलीत प्रत्यक्ष दहा माणसे पाळीपाळीने झोपत असोत. रेशनकार्डावर कुटुंब असे, पण गिरणी नसे. खाणावळवाल्या बाईच्या वहीत या महिन्याचे किती आले आणि किती राहिले, एवढेच.

या वह्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. त्यांना जोडणारे दुवे कागदावर नव्हते, माणसांच्या डोक्यात होते. कोण कोणाचा पुतण्या, कोण कोणाच्या जागी उभा राहतो, हे मुकादमाला ठाऊक असे, कारण भरती त्याच्याच हातून होई आणि पुष्कळदा स्वतःच्या गावच्या माणसांची होई. पगार कोणत्या गिरणीत कोणत्या तारखेला होतो हे खाणावळवालीला पाठ असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली ती अशाच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. गावच्या मंडळाची सामायिक खोली हा तिसरा दुवा. गाव, नाते आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकत्र माहीत असणारी जागा तीच.

सर्वांत विरळ नोंद बदली कामगाराची. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळावे म्हणून हा रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. तिच्यात बदलीवाल्यांना कार्ड मिळू लागले आणि मुकादमाच्या मर्जीला थोडा आळा बसला. पण ते कार्ड म्हणजे कायम नोकरी नव्हे. वर्षानुवर्षे त्याच साच्यावर काम करूनही कायम पटाच्या लेखी तो दुसऱ्याची रिकामी जागा भरणाराच राहिला.

कॉड यांची कल्पना

वेगवेगळ्या वह्या एकमेकींशी कशा जोडाव्यात, याचे शास्त्रशुद्ध उत्तर १९७० साली अमेरिकेत मिळाले. आयबीएम कंपनीत काम करणारे मूळचे इंग्रज गणिती एडगर कॉड यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची ओळख पटवणारी खूण असावी, आणि एका कोष्टकातली ओळ दुसऱ्या कोष्टकातल्या ओळीशी जोडायची असेल तर तिथे त्या ओळीची खूण लिहावी, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. दुसऱ्या कोष्टकाकडे बोट दाखवणाऱ्या या खुणेला पुढे ‘फॉरिन की’ हे नाव रूढ झाले. १९७४ मध्ये आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. आज जगभर वापरली जाणारी एसक्यूएल ती हीच.

गिरणगावातले उदाहरण घेतले की यातले मर्म कळते. दादरच्या इंदू मिलचे नाव आज बाबासाहेबांच्या स्मारकामुळे सर्वतोमुखी आहे. कागदोपत्री तिचे नाव इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. एका कामगाराने अर्जात ‘इंदू मिल’ लिहिले, दुसऱ्याने ‘इंडिया युनायटेड सहा नंबर’, तिसऱ्याने नुसते ‘युनायटेड’, तर यंत्राच्या लेखी या तीन गिरण्या होतात. कॉड यांच्या पद्धतीत गिरणीचे वेगळे कोष्टक असते, त्यात ही गिरणी एकदाच येते आणि कामगाराच्या ओळीत फक्त तिचा क्रमांक असतो. नाव बदलले, मालक बदलला, १९८३ साली मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले तसे झाले, तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची.

तिकीट नंबरही एकटा पुरत नाही. तो त्या गिरणीपुरता. शेजारच्या गिरणीत तोच नंबर दुसऱ्याचा असू शकतो. म्हणजे ओळख पटवायला गिरणी आणि तिकीट हे दोन्ही हवेत. नाव तर याहून बेभरवशाचे. कुठे नुसते नाव आणि बापाचे नाव, कुठे आडनावासकट, आणि इंग्रजीत लिहिताना सावंतांचे स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर. रिळाच्या आणि वाइंडिंगच्या खात्यांत काम केलेल्या बायकांची माहेरची आणि सासरची नावे हा आणखी एक पेच.

पानावर मांडताना

कोष्टके निराळी ठेवली तरी वाचणाऱ्याला सगळे एकत्रच हवे असते. अर्जदाराला आपल्या नावासमोर गिरणीचे नाव, तिकीट नंबर आणि वारसाचे नाव एका ओळीत दिसले पाहिजे. माहिती साठवणे आणि माहिती दाखवणे ही कामे वेगळी करावीत, हा विचार नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मांडला. साठवणीच्या भागाला ‘मॉडेल’ आणि दाखवण्याच्या भागाला ‘व्ह्यू’ म्हणतात. २००४ मध्ये आलेल्या रुबी ऑन रेल्स या साधनाने ही विभागणी वेबवर लोकप्रिय केली. त्यात प्रोग्रामर जवळजवळ बोलीभाषेतच नाते सांगतो : गिरणीचे पुष्कळ कामगार असतात, कामगार एका गिरणीचा असतो, अर्ज एका कामगाराचा असतो. एवढे सांगितले की पानावर ‘या अर्जाच्या कामगाराच्या गिरणीचे नाव’ मागता येते.

मागणे सोपे झाले म्हणजे आणणे सोपे झाले असे नाही. शंभर अर्जांची यादी दाखवायची आहे असे समजू. एक प्रश्न यादीसाठी, आणि मग प्रत्येक अर्जासाठी गिरणीचे नाव वेगळे विचारले तर आणखी शंभर. म्हणजे एका पानासाठी एकशे एक खेपा. प्रत्येक नावाला उठून दप्तरखान्यात जाणाऱ्या कारकुनासारखेच हे झाले. शहाणा कारकून यादी घेऊन एकदाच जातो आणि लागणारी सगळी बाडे एका खेपेत आणतो. चांगला प्रोग्रामरही तेच करतो. ही चूक पान मंद करते, कोणाचे नाव खात नाही.

जोड लागत नाही तेव्हा

नाव खाणारी चूक निराळी आहे. दोन कोष्टके जोडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. ‘इनर जॉइन’ या रीतीत दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच तेवढ्या हाती येतात. ‘लेफ्ट आउटर जॉइन’ या रीतीत डावीकडच्या सगळ्या ओळी येतात. ज्यांची जोडी सापडली नाही त्यांच्यासमोर जागा रिकामी राहते.

समजा, तीन अर्ज आहेत. पहिल्याचा तिकीट नंबर गिरणीच्या पटाशी जुळतो. दुसऱ्याचा एक आकडा अर्ज भरताना चुकला आहे. तिसरा बदली कामगाराचा, त्याच्यापाशी फक्त कार्ड आहे. पहिल्या रीतीने पान बनवले तर त्यावर एकच नाव दिसेल. यंत्र कोणतीही तक्रार करणार नाही, पान नेटके दिसेल आणि बाकीचे दोघे आपण अर्जच केला नव्हता की काय, अशा संभ्रमात परततील. दुसऱ्या रीतीने तिन्ही नावे दिसतील आणि दोघांसमोर रिकामा रकाना असेल. तो रकाना डोळ्यांना खुपतो. पण चौकशी कोठून सुरू करायची ते तोच सांगतो.

माहिती नसणे हीही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे, याचा विचार कॉड यांनी १९७९ च्या निबंधात केला. रिकाम्या मूल्याची आणि बाहेरच्या ओळी राखणाऱ्या जोडणीची चर्चा त्यात आहे. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत या जोडणीला स्वतंत्र शब्दयोजना मिळाली. २०१६ मध्ये रेल्सच्या पाचव्या आवृत्तीने उलट दिशेचा एक नियम आणला : जी नोंद दुसऱ्या कोणाची तरी आहे असे सांगितले आहे, तिचा तो ‘दुसरा’ सापडला नाही तर वेगळी सूट दिल्याशिवाय ती साठवायचीच नाही. दुकानाच्या हिशेबाला हा नियम उत्तम. ज्याला कोणतीच गिरणी आपला म्हणायला तयार नव्हती त्याची नोंद घेताना मात्र तो विचार करूनच लावायला हवा.

घराचा प्रश्न

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटे ठरवले. २००१ मधल्या बदलाने वाटणीला येणारी जमीन आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांची घरे उभी राहू लागली. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. १ मार्च २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाइंगच्या दोन गिरण्या आणि श्रीनिवास मिल यांच्या जागेवरची ३,८९४. अर्ज मात्र घरांच्या कितीतरी पट.

पात्रतेसाठी कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असायला हवा. ही तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची आहे, म्हणून संपात उतरलेला माणूस तिच्यात बसतो. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, विमा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीपत्रक, रजेच्या नोंदी, उपदानाचा आदेश, पगारपावती असे कागद चालतात. ही यादी पुन्हा वाचली की ध्यानात येते, वर सांगितलेल्या त्याच विखुरलेल्या वह्या आता एकमेकींच्या साक्षीदार म्हणून बोलावल्या आहेत. एक हरवली तर दुसरीने साक्ष द्यावी, ही सोय शहाणपणाची आहे. सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने पात्रता ठरवण्यासाठी विशेष मोहीम घेतली आणि कागद प्रत्यक्ष तसेच ऑनलाइन देण्याची सोय केली.

तेव्हा असे कोणतेही पान बनवणाऱ्याला दोन उत्तरे काटेकोरपणे वेगळी ठेवावी लागतात : ‘अपात्र’ आणि ‘जुळणारी नोंद सापडली नाही’. पहिला निर्णय आहे. दुसरे फक्त शोध कोठवर आला ते सांगते. दोन्हींसाठी एकच कोरा रकाना ठेवला, किंवा जोड न लागलेली ओळच गाळली, तर निर्णय कोणीही न घेता तो झालेला असतो. त्यापेक्षा कोणता दुवा तुटला तेच पानावर लिहावे : गिरणी सापडली, तिकीट नंबर जुळला नाही, किंवा कामगार सापडला, वारसाचा कागद नाही. एवढे कळले तर सातारा वा सिंधुदुर्गातून आलेला मुलगा पुढच्या खेपेला नेमका कोणता कागद आणायचा ते ठरवू शकतो.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांची मौखिक इतिहासमाला २००४ साली पुस्तकरूपाने आणली. वहीत न आलेली नाती बोलण्यात कशी टिकून असतात हे तिथे दिसते. पण घराच्या अर्जाला आठवण पुरत नाही, आणि आठवणाऱ्यांचे वयही थांबलेले नाही. १९८२ मध्ये विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. अनेकांच्या बाबतीत कामगार, मग विधवा, मग मुले अशी साखळी झाली आहे आणि प्रत्येक कडीला जोडणारा कागद वेगळ्या कचेरीतून यायचा आहे. त्यातला मुकादम गेला, खाणावळ मिटली, गावची खोली विकली गेली. जे हजेरीपट अजून शिल्लक असतील ते जपणे आणि त्यांतली प्रत्येक ओळ, जुळलेली असो वा नसो, पानावर दिसेल अशी ठेवणे, एवढे काम अजून हातात आहे.