सल्लागाराचा पुढचा मुक्काम

मॅनेजमेंट कन्सल्टिंग, म्हणजे कंपन्यांना कारभाराचा सल्ला विकण्याचा धंदा, सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे. ‘दोन-तीन वर्षे इथे काढायची आणि मग पुढचे ठरवायचे’ हा त्यातला रिवाज मात्र बराच अलीकडचा. पंचविशीतल्या कन्सल्टंटपुढे आज चार वाटा असतात: बढतीची वाट पाहणे, एमबीएला जाणे, एखाद्या ग्राहक कंपनीत शिरणे किंवा स्वतःचे काही काढणे. कोणती धरायची हा त्याला स्वतःपुरता प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात यांतल्या पहिल्या तीन वाटा सल्लागार संस्थांनी आपल्या सोयीसाठी पाडल्या आहेत आणि चौथी त्यांच्या आवारातूनच फुटली आहे.

या धंद्याच्या पहिल्या पिढीला असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. रसायनशास्त्रज्ञ आर्थर लिटल यांनी 1886 मध्ये बॉस्टन परिसरात काम सुरू केले. फ्रेडरिक टेलर यांनी 1893 मध्ये सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय मांडला, तेव्हा ते मिडव्हेल पोलाद कारखान्यात साध्या कामगारापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळ्या पायऱ्या चढून आलेले होते. सल्ला देणे हे उमेदवारीचे काम नव्हते. बहुधा वर्षानुवर्षे कारखाना किंवा हिशेबाच्या वह्या पाहिलेल्या माणसाने करण्याचे ते काम होते. गिऱ्हाईक पैसे मोजत असे ते पिकल्या केसांचे.

सल्लागाराने ग्राहकाकडे नोकरी धरण्याचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण दस्तुरखुद्द जेम्स मॅकिन्सी यांचेच आहे. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकांनी 1926 मध्ये आपली संस्था काढली. 1935 मध्ये त्यांनी शिकागोच्या मार्शल फील्ड या बड्या दुकानदारी कंपनीचा अभ्यास करून घाऊक व्यापार बंद करण्याचा सल्ला दिला. संचालकांनी तो मानला आणि अंमलबजावणीसाठी त्यांनाच अध्यक्षपदी बसवले. कागदावरची कपात आता स्वतःच्या हाताने करायची होती. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, कंपनीत कडवटपणा माजला आणि दोन वर्षांतच, 1937 च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. मागे उरलेली संस्था 1939 मध्ये दुभंगली. शिकागोचे कार्यालय अँड्र्यू कर्नी यांच्याकडे गेले आणि मॅकिन्सी हे नाव न्यूयॉर्ककरांकडे राहिले.

त्या न्यूयॉर्ककरांत मार्विन बॉवर होते. आजच्या तरुण कन्सल्टंटच्या आयुष्याचा आराखडा बराचसा त्यांच्या हातचा आहे. हार्वर्डमधून कायदा आणि व्यवस्थापन या दोन्ही पदव्या घेऊन ते क्लीव्हलंडच्या जोन्स डे या वकिलांच्या पेढीत राहिले होते आणि 1933 मध्ये मॅकिन्सीकडे आले. सल्लागारी हा धंदा न राहता वकिलीसारखा पेशा व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी ते कोणत्या थराला जात याच्या कथा आजही सांगितल्या जातात: गडद सूट, डोक्यावर हॅट आणि पाय दुमडून बसले तरी नडगी दिसणार नाही असे लांब मोजे. मोज्यांचा आग्रह आज हास्यास्पद वाटतो, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. साठीच्या कंपनी अध्यक्षासमोर अठ्ठावीस वर्षांचा मुलगा बसवायचा, तर निदान तो वकिलासारखा दिसला पाहिजे.

कारण बॉवर यांनी 1950 च्या दशकात एक धाडस केले होते. मुरलेले व्यवस्थापक घेण्याऐवजी त्यांनी हार्वर्डसारख्या संस्थांतून नुकतेच एमबीए होऊन बाहेर पडलेल्यांची थेट भरती सुरू केली. तरुण माणूस स्वस्त पडतो, मेहनत करतो आणि संस्थेच्या रीतीने घडवता येतो. वकिलांच्या पेढ्यांत हे आधीपासून चालत होते. न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हॅथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिलेल्या पद्धतीत नामांकित विधी महाविद्यालयांतले वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी घेत, त्यांना काही वर्षे घडवत, त्यांतल्या थोड्यांना भागीदार करत आणि बाकीच्यांना बाहेर जागा शोधून देत. सैन्यातही अशीच रीत होती. अमेरिकी नौदलाने 1916 पासून निवडीने बढतीचा कायदा स्वीकारला होता. 1947 च्या कायद्याने सर्वच सेनादलांत असा दंडक आला की, ठरावीक मुदतीत वरचा हुद्दा मिळाला नाही तर अधिकाऱ्याने निवृत्त व्हावे. सल्लागार संस्थांत हाच नियम ‘अप ऑर आउट’ या नावाने रुळला. मराठीत सांगायचे तर वर चढा, नाहीतर वाट धरा.

हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्याचे मूळ साध्या गणितात आहे. एका भागीदाराच्या हाताखाली दोन मॅनेजर आणि सहा कनिष्ठ, अशी नऊ जणांची संस्था धरावी. तीन वर्षांनी कोणालाच न काढता सर्वांना बढती दिली तर भागीदार तीन आणि मॅनेजर सहा होतात. हेच प्रमाण टिकवायचे तर अठरा नवे कनिष्ठ भरावे लागतात. नवाचे सत्तावीस झाले. याच गतीने बाराव्या वर्षी 729. एवढ्या लोकांना पुरेल इतके काम कोणी आणायचे? काम वाढले नाही तर पिरॅमिड वरून फुगतो, सहा भागीदार दोन कनिष्ठांच्या श्रमावर पोसायची वेळ येते आणि नफा आटतो. म्हणून बहुतेकांनी मध्येच बाहेर पडणे ही व्यवस्थेची गरज आहे, मग ते हुशार असोत वा नसोत. काम न जमल्याने जाणारे आणि काम उत्तम करूनही जागा नसल्याने जाणारे एकाच दाराने बाहेर पडतात, आणि या दोघांतला फरक बाहेरच्यांना कळू न देणे ही संस्थांची खरी कलाकुसर. त्यांच्या बोलीत कोणालाही ‘काढून टाकत’ नाहीत. त्याला ‘काउन्सेल’ करतात, म्हणजे त्याचे भले बाहेर आहे हे समजावतात.

यातून एक फायदा निघाला. बाहेर पडलेला माणूस बहुधा एखाद्या कंपनीत वरच्या जागी बसतो आणि सल्ला विकत घ्यायची वेळ आली की जुन्या घराकडे वळतो. जाणाऱ्याचा निरोप गोड झाला पाहिजे हे त्यामुळे ओघाने आले. माजी कर्मचाऱ्यांची सूची ठेवायची, त्यांची संमेलने भरवायची हा शिरस्ता पडला आणि नोकरी सोडलेल्याला ‘माजी विद्यार्थी’ म्हणजे ‘अ‍ॅलम्नाय’ म्हणण्याची पद्धत आली. नोकरी सोडणाऱ्याला विद्यार्थी म्हणणारे धंदे फार नसतील.

या वाटेने गेलेल्यांत लुइस गर्स्टनर यांचे नाव पुढे येते. 1965 मध्ये हार्वर्डमधून ते मॅकिन्सीत आले, तिथे लवकर वर चढले आणि 1978 मध्ये अमेरिकन एक्सप्रेसमध्ये गेले. टेबलाच्या या बाजूने अहवाल मांडण्यापेक्षा पलीकडच्या खुर्चीत बसून निर्णय घेण्याची ओढ आपल्याला लागली होती, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. 1993 मध्ये डबघाईला आलेल्या आयबीएमची सूत्रे त्यांच्याकडे आली. चेन्नईच्या इंद्रा नूयी कोलकात्याच्या आयआयएममधून येलला गेल्या. 1980 पासून त्या बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये होत्या, मग मोटोरोला व एबीबी करत 1994 मध्ये पेप्सिकोत पोचल्या आणि 2006 मध्ये तिच्या प्रमुख झाल्या. हीच वाट भलतीकडेही जाते. जेफ्री स्किलिंग 1990 मध्ये मॅकिन्सीतून आपल्या ग्राहकाकडे, एन्रॉनकडे, गेले. 2001 मध्ये ती कंपनी कोसळली आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. 

दरम्यान भरतीचे वय आणखी खाली आले होते. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963 मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी सुरू केला. त्यातून फुटून बिल बेन यांनी 1973 मध्ये स्वतःची संस्था काढली. स्पर्धा वाढली तसे एमबीएच्याही आधीचे, नुसते पदवीधर, विश्लेषक म्हणून घेतले जाऊ लागले. त्यांची नेमणूक दोन-तीन वर्षांचीच धरलेली असे. पुढे काय, याचे तयार उत्तर होते बिझनेस स्कूल. संस्था फी भरणार आणि पदवीनंतर ठरावीक वर्षे परत येण्याचा करार करून घेणार. न आल्यास पैसे फेडायचे. 1984 मध्ये बेनमधल्याच काहींनी मिट रॉम्नी यांच्या नेतृत्वाखाली बेन कॅपिटल ही गुंतवणूक संस्था उभी केली, तेव्हा खासगी गुंतवणूकदारांकडे जाण्याची वाटही खुली झाली.

भारतात हा रिवाज उशिरा आणि जवळपास तयार स्थितीत उतरला. अहमदाबाद आणि कोलकात्याची आयआयएम 1961 ची, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची. म्हणजे तरुण व्यवस्थापक घडत होते, पण परवाने आणि कोट्यांच्या काळात त्यांची धाव बहुधा साबण विकणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे किंवा बँकांकडे असे. उदारीकरणानंतर मॅकिन्सीने 1993 मध्ये आणि बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपने 1996 मध्ये मुंबईत कार्यालये थाटली. त्यापाठोपाठ आयआयटीच्या आवारातूनही विश्लेषक उचलले जाऊ लागले.

इथे चौथ्या वाटेला, म्हणजे स्वतःचे काही काढण्याला, अनपेक्षित बळ मिळाले. बेनच्या दिल्लीकडच्या कार्यालयात जेवणाच्या वेळी कर्मचारी हॉटेलांच्या मोजक्या मेन्यूकार्डांसाठी खोळंबून राहत. दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा या तरुण सल्लागारांनी ती कार्डे स्कॅन करून कार्यालयातल्या सगळ्यांना संगणकावर पाहता येतील अशी ठेवली. 2008 मध्ये त्याचे ‘फूडीबे’ झाले, 2010 मध्ये ‘झोमॅटो’. गोयल यांनी नोकरी लगेच सोडली नाही. काही काळ दोन्ही चालवले आणि मगच उडी घेतली. बेनमधूनच बाहेर पडलेल्या साहिल बरुआ यांनी 2011 मध्ये सहकाऱ्यांसोबत ‘डेल्हिव्हरी’ सुरू केली.

बाहेर जाण्याची घडी मात्र बाजारावर ठरते. इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत, 1999 च्या सुमारास, संस्थांना माणसे टिकवण्यासाठी आर्जवे करावी लागली. तेजी ओसरताच तीच माणसे जास्त झाली. करोनाच्या काळातल्या मोठ्या भरतीनंतरही असेच घडले. 2024 मध्ये मॅकिन्सीने ब्रिटनमधल्या काही मॅनेजरांना नऊ महिन्यांपर्यंतचा पगार देऊ केल्याच्या बातम्या तिकडच्या वृत्तपत्रांत आल्या. या काळात ग्राहकाचे काम करायचे नाही. संस्थेचा पगार घेत, तिच्याच मार्गदर्शकांच्या मदतीने बाहेरची नोकरी शोधायची.