पॉइंट टू-टू : एका छोट्या काडतुसाची कुळकथा

ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धा ज्या काडतुसावर खेळली जाते, त्याचे अधिकृत नाव ‘.२२ लाँग रायफल’. नेमबाज त्याला नुसते पॉइंट टू-टू म्हणतात. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वजन ४० ग्रेन म्हणजे २.६ ग्रॅम, आणि गोळीसकट काडतुसाची लांबी एक इंच. आज सर्रास वापरात असलेल्या काडतुसांमध्ये हे सर्वात जुन्यांपैकी एक आहे, आणि अचूक नेमबाजीचे धडे जगभर मुख्यतः याच काडतुसावर गिरवले जातात.

हे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे आहे. त्याचा पितळी कोष अगदी पातळ पत्र्याचा असतो आणि बुडाशी तो बाहेर वळवून आतून पोकळ अशी कड केलेली असते. काडतूस बनवताना ओल्या स्फोटक मिश्रणाचा थेंबभर गोळा कोषात टाकतात आणि तो गरगर फिरवून मिश्रण कडेच्या पोकळीत बसवतात. मिश्रण वाळले की वर बारूद आणि त्यावर शिशाची गोळी. चाप ओढल्यावर फायरिंग पिन कडेवर आदळते, कड चेपते, मिश्रण भडकते आणि बारूद पेटते. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे काम बुडाच्या मध्यभागी बसवलेला वेगळा प्रायमर करतो. रिमफायरमध्ये ठोक्याने कड चेपली जायला हवी, म्हणून कोष पातळच ठेवावा लागतो. पातळ कोष फार दाब सोसत नाही, म्हणून बारूद थोडीच भरता येते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरून वापरताही येत नाही. ही बंधने या काडतुसाच्या जन्मापासूनची आहेत, आणि त्याचा पुढचा सगळा इतिहास त्यांनीच घडवला.

मूळ पुरुष म्हणजे पॅरिसचा बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर. त्या काळी तोंडातून ठासून भरायच्या बंदुकांना पेटवण्यासाठी स्फोटक मिश्रणाची तांब्याची छोटी टोपी वापरत. १८४५ च्या सुमारास फ्लोबेरने अशा टोपीच्याच तोंडात शिशाची बारीक गोळी बसवली. बारूद मुळीच नाही. टोपीतल्या मिश्रणाच्या जोरावरच गोळी सुटे. टोपी नळीत नेमकी अडून राहावी म्हणून तिच्या बुडाला कड काढलेली होती. आवाज कमी आणि पल्ला काही पावलांचा, त्यामुळे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आणि बागेत करमणुकीची नेमबाजी करायला ही बंदूक सोयीची ठरली. फ्लोबेरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हलक्या बंदुका युरोपभर पसरल्या. पुढे स्पर्धेच्या रायफलींसाठी नावाजलेल्या जर्मनीतील आन्शुट्झ घराण्याचा कारखाना १८५६ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या मालातही फ्लोबेर पद्धतीच्या बंदुका होत्या.

दुसरी पिढी अमेरिकेत वाढली. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी टोपी लांबवून कोष केला आणि त्यात ४ ग्रेन काळी बारूद भरली. १८५७ मध्ये त्यांच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसोबत हे काडतूस बाजारात आले. तेच पुढे ‘.२२ शॉर्ट’ म्हणून ओळखले गेले. त्याची गोळी २९ ग्रेनची होती. १८७१ च्या सुमारास तीच गोळी लांब कोषात बसवून ‘.२२ लाँग’ निघाले. त्यात बारूद ५ ग्रेन. नंतर ‘एक्स्ट्रा लाँग’ आले: कोष आणखी लांब, बारूद ६ ग्रेन आणि गोळी ४० ग्रेनची. १८८७ मध्ये लाँगचा कोष आणि एक्स्ट्रा लाँगची ४० ग्रेनची गोळी एकत्र आली आणि ‘.२२ लाँग रायफल’ तयार झाले. याचे श्रेय सामान्यतः मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी फॉल्स येथील स्टीव्हन्स कंपनीला दिले जाते. जड गोळी हवेत वेग टिकवून धरते, वाऱ्याला कमी बधते आणि लांबवर नेम राखते. म्हणूनच पुढे एक्स्ट्रा लाँग नामशेष झाले, लाँग मागे पडले आणि लाँग रायफल टिकून राहिले.

या काडतुसाला खेळाची प्रतिष्ठा मिळाली ती ब्रिटनमध्ये, आणि तीही युद्धामुळे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने ब्रिटिश सैन्याला चांगलाच चटका दिला. सामान्य नागरिकाला रायफल चालवता आली पाहिजे, हा विचार तिथे जोर धरू लागला. पण लष्करी रायफलीचा पल्ला मोठा. तिच्यासाठी शहराबाहेर शेकडो यार्डांची मोकळी जागा लागे आणि काडतुसे महाग पडत. कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या कामगाराला हे परवडणारे नव्हते. पॉइंट टू-टू मात्र एखाद्या सभागृहात, तळघरात, २५ यार्डांच्या जागेतही चालवता येई, आणि तीही थोडक्या पैशांत. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संघटना स्थापन झाली आणि फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या चळवळीला आपले वजन दिले. क्लब वाढत गेले आणि ‘स्मॉल-बोअर’, म्हणजे लहान व्यासाच्या नळीच्या रायफलीचा, हा नेमबाजीचा स्वतंत्र प्रकार रूढ झाला.

१९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्मॉल-बोअर रायफल प्रथमच आली. वैयक्तिक स्पर्धा ५० आणि १०० यार्डांवरून होती. ब्रिटनच्या फिलिप प्लेटरने ४०० पैकी ३९१ गुण मिळवले, पण देशाला मिळालेल्या १२ जागांपलीकडचा तो तेरावा स्पर्धक ठरल्याने त्याची कामगिरी बाद झाली आणि ३८७ गुणांवर आर्थर कार्नेल विजेता ठरला. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, टॉमस ड्युअर यांनी दिलेल्या चषकासाठी देशादेशांतले सामने सुरू झाले. प्रत्येक संघात २० नेमबाज. प्रत्येकाने ५० यार्डांवरून २० आणि १०० यार्डांवरून २० गोळ्या झाडायच्या. संघ आपापल्या देशातच खेळत आणि गुण पडताळून निकाल लागे. १०० यार्डांपर्यंत या काडतुसाची कसोटी घ्यायची, ही रीत या सामन्यांनी पक्की केली.

काडतूस चांगले असले तरी एक दोष त्याला बराच काळ चिकटून होता. जुन्या स्फोटक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत उरतो, हवेतला ओलावा शोषतो आणि पोलादाला गंज चढवतो. पॉइंट टू-टूमध्ये बारूद इतकी थोडी की हा क्षार पातळ होऊन बाहेर फेकला जात नसे. त्याच दिवशी नळी साफ केली नाही तर चांगली रायफल काही दिवसांत खराब होई. १९२० च्या दशकात जर्मनीत आणि अमेरिकेत न गंजवणारी मिश्रणे आली; अमेरिकेत रेमिंग्टनचे ‘क्लीनबोअर’ गाजले. नळ्यांचे आयुष्य त्यामुळे कित्येक पटींनी वाढले. याच सुमारास रायफलीही बदलल्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये न्यू जर्सीतील कॉल्डवेलच्या राष्ट्रीय स्पर्धांत विंचेस्टरची ‘मॉडेल ५२’ प्रथम दिसली: जड नळी, मजबूत बोल्ट, लष्करी रायफलीसारखा भरदार बांधा. पॉइंट टू-टूसाठी मोठ्या रायफलीच्या तोडीची बांधणी करायची, हा पायंडा तिने पाडला. दुसऱ्या महायुद्धानंतर आन्शुट्झ घराण्याने उल्म येथे पुन्हा कारखाना उभारला आणि पुढची अनेक दशके स्पर्धांवर त्याच्या रायफलींचा दबदबा राहिला.

दारूगोळ्याच्या कारखान्यांनी गोळीचा वेगही वाढवून पाहिला. १९३० च्या आसपास आलेली ‘हाय स्पीड’ काडतुसे शिकारीत लोकप्रिय झाली, पण लक्ष्यावर ती चालली नाहीत. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याहून वेगाने निघालेली गोळी थोड्याच अंतरात त्या वेगाखाली घसरते, आणि नेमक्या त्या टप्प्यावर हवेचा विरोध फार असतो. गोळी तिथे अस्थिर होऊ शकते आणि आडव्या वाऱ्याने जास्त ढकलली जाते. म्हणून स्पर्धेचे काडतूस मुद्दाम सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास ठेवतात. हळू सुटणारी गोळी वाऱ्यात वेगवान गोळीपेक्षा कमी वाहते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण ती मोजून सिद्ध झालेली आहे.

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. तिथपर्यंत गोळीला सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा वेळ लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात एक टक्क्याचा फरक पडला तरी लक्ष्यावर दोन-अडीच मिलिमीटरचा फरक दिसतो. कडेतल्या मिश्रणाचे वाटप, बारुदीचे वजन, गोळीवरचे मेण यांतला बारीकसारीक फरक असा थेट गुणांत उतरतो. त्यामुळे नामांकित नेमबाज काडतुसे नुसत्या छापावर घेत नाहीत. ब्रिटनच्या इली किंवा फिनलंडच्या लापुआ या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे उत्पादन-गटांच्या, गोळ्या झाडल्या जातात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याच क्रमांकाचे खोके घेतले जातात. दुसऱ्याच्या रायफलीत उत्तम चाललेला लॉट आपल्या रायफलीत चालेलच असे नसते.

भारतात या खेळाला संघटित रूप १९५१ मध्ये आले. त्या वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय अजिंक्यपदाआधीची स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. महाराष्ट्राने या काडतुसावर जगात नाव काढले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून खेळायच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह जगज्जेतेपद मिळवले. असे करणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. रिओ २०१६ नंतर पुरुषांचा प्रोन प्रकार ऑलिम्पिकमधून वगळला गेला, पण गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून खेळायची थ्री पोझिशन कायम राहिली. तिच्यात १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.

लांब पल्ल्याची नेमबाजी ही या कुळाची सर्वात नवी शाखा. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘एनआरएल२२’ ही क्लबस्तरावरची मालिका सुरू झाली. तिच्यात १०० यार्डांपर्यंतची छोटी-मोठी लक्ष्ये वेगवेगळ्या स्थितींतून टिपायची असतात. अशाच इतर स्पर्धांत पल्ला ३०० यार्डांपलीकडे जातो. ५० मीटरवर जुळवलेली रायफल १०० मीटरवर जवळपास वीतभर खाली मारते, तर २०० मीटरवर दीड मीटरहून अधिक. दुर्बिणीवरची तबकडी त्या-त्या अंतरासाठी मोजून फिरवावी लागते आणि वाऱ्याचा अंदाज प्रत्येक गोळीला नव्याने बांधावा लागतो. वेगातला तोच एक टक्का २०० मीटरवर साडेचार सेंटिमीटरचा फरक पाडतो. मोठ्या रायफलीला हजार मीटरच्या आसपास जे प्रश्न भेडसावतात, ते पॉइंट टू-टू दोनशे-तीनशे मीटरच्या मैदानात समोर ठेवते, तेही थोडक्या खर्चात आणि खांद्याला धक्का न देता. फ्लोबेरच्या टोपीपासून चालत आलेली कमी बारूद, कमी दाब आणि कमी वेग ही बंधने आजही तशीच आहेत, आणि त्यांच्यामुळेच हे काडतूस नेमबाजाची प्रत्येक चूक लक्ष्यावर उघडी पाडते.