कुर्लीचे नाव कोणी ठेवले?

जामसंडे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, देवगडला लागून असलेले गाव. एकीकडे समुद्र आणि खाडी, दुसरीकडे जांभ्या दगडाचे सडे. इथल्या मुलांना खेकडा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खाडीतली मोठी कुर्ली त्यांनी बाजारात आणि ताटात पाहिलेली असते. पाऊस सुरू झाला की व्हाळाच्या काठी किंवा शेताच्या बांधातल्या बिळाबाहेर येणारी कुर्लीही त्यांच्या ओळखीची असते.

समजा, वर्गात एखाद्या मुलीने विचारले, “या दोन्ही कुर्ल्यांची शास्त्रीय नावे काय?” खाडीतल्या कुर्लीचे उत्तर बहुतेक पुस्तकांत मिळते. व्हाळातल्या कुर्लीपाशी मात्र शिक्षकच काय, आम्ही प्राणिशास्त्राचे लोकही थबकतो. घरामागच्या प्राण्याचे नाव सांगणे इतके अवघड का असावे? याचे उत्तर जसे प्राण्याच्या शरीरात आहे, तसेच ते नावे ठेवण्याच्या इतिहासातही आहे.

समुद्राची वाट आणि व्हाळाची वाट

खाडीतली मोठी कुर्ली ‘स्कायला’ या प्रजातीतली. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.) तिच्यातल्या ‘स्कायला सेर्राटा’ या जातीचे वर्णन पीटर फोर्स्कल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राच्या परिसरात केले. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे लिखाण सहप्रवासी नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केले. तांबड्या समुद्राकाठी ठेवलेले हे नाव पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत चालते.

याचे कारण तिच्या बालपणात आहे. मादी लाखांनी अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणारे डिंभक खेकड्यासारखे दिसतही नाहीत. ते काही आठवडे समुद्रात तरंगत राहतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. त्यामुळे दूरदूरच्या किनाऱ्यांवरच्या कुर्ल्यांचे नाते तुटत नाही.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याला तरंगणारा डिंभक नसतो. मादी थोडीच, पण मोठी अंडी पोटाखालच्या पदरात सांभाळते. त्यांतून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पदराखालीच राहतो. मग तो फार तर त्याच ओढ्यात थोडा खाली किंवा वर सरकतो. मधली कोरडी धार किंवा खोल दरी त्याला ओलांडता येत नाही. अशा विलगतेत लक्षावधी वर्षे गेली की एका डोंगरावरची जात शेजारच्या डोंगरावरच्या जातीहून वेगळी होते.

जामसंड्याहून निघालेला रस्ता नांदगाव आणि फोंडाघाट करून राधानगरीकडे चढतो. या एका रस्त्यावर सडे, नद्या, घाटातले झरे आणि माथ्यावरचे कातळ असे खेकड्यांचे कितीतरी निरनिराळे संसार लागतात. म्हणूनच एका ठिकाणी ठेवलेले नाव दुसऱ्या ठिकाणी बिनदिक्कत वापरता येत नाही.

दख्खनचा खेकडा लंडनला

आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची शास्त्रीय नोंद इंग्रजी अमदानीत सुरू झाली. मुंबई इलाख्याच्या लष्करातल्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याकडे १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम होते. गावे आणि पिके मोजता मोजता त्याने पक्षी, मासे आणि खेकडेही गोळा केले. १८३६ मध्ये जॉन ओबादाया वेस्टवुड याने लंडनमध्ये त्यातल्या एका खेकड्याचे वर्णन ‘थेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ या नावाने केले. वेस्टवुड मुळात कीटकांचा अभ्यासक. ‘क्युनिक्युलस’ या लॅटिन शब्दाचे अर्थ ससा आणि भुयार असे दोन्ही आहेत. बिळे खणणाऱ्या खेकड्याला ते नाव शोभले.

त्याच काळात व्हिक्टर जाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पॅरिसच्या संग्रहालयासाठी भारतभर फिरून वनस्पती आणि प्राणी जमवत होता. ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत त्याचा मृत्यू झाला. त्याचा संग्रह पॅरिसला पोचला. १८४४ मध्ये आंरी मिल्न-एडवर्ड्स याने त्यातल्या एका खेकड्याला ‘गेकार्सिन्युकस जॅकमोंटी’ हे नाव दिले. आपल्या नद्यांतले बहुतेक खेकडे ज्या कुळात मोडतात, त्या ‘गेकार्सिन्युसिडी’ कुळाचे नाव याच प्रजातीवरून आले आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे खेकडे इथल्या लोकांना आधीपासून माहीत होतेच. कुर्ली, चिंबोरी, मुठा, किरवा ही नावे काही लंडनहून आली नाहीत. कोणता खेकडा कुठल्या बिळात, कोणत्या नक्षत्रात मिळतो हे जाणणारी माणसे गावोगाव होती आणि आहेत. मग शास्त्रीय नावाने नवे काय दिले? ‘किरवा’ म्हणजे नेमका कोणता खेकडा, हे दोन तालुक्यांतल्या माणसांना एकमेकांपाशी तपासून घेता येत नव्हते. शास्त्रीय नावामागे लेखी वर्णन, गावाची नोंद आणि जपून ठेवलेला नमुना असतो. कोणालाही तो पुन्हा तपासता येतो आणि चूकही दाखवता येते.

कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा?

चुका पुष्कळ होत्या. वेस्टवुडने दख्खनच्या खेकड्याला ज्या ‘थेल्फुसा’ प्रजातीत बसवले, तिच्यातच तेव्हा इटलीच्या नद्यांतला खेकडाही होता. दोघांचे कवच वरवर सारखे दिसते. आज हे दोन खेकडे वेगवेगळ्या कुळांत मोडतात.

भारतीय संग्रह पहिल्यांदा नीट लावला तो आल्फ्रेड विल्यम अल्कॉक याने. तो पेशाने डॉक्टर, आणि १८९३ ते १९०६ या काळात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख. १९१० च्या आपल्या सूचीत त्याने कवचाबरोबर जबड्याचे एक बारीक उपांगही पाहिले. ते साधे आहे की दुभंगलेले, यावरून त्याने गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचे दोन मोठे गट पाडले. दख्खनच्या खेकड्यासाठी त्याने १९०९ मध्ये ‘बॅरिटेल्फुसा’ हे नाव काढले होते. आज त्याला ‘बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ म्हणतात.

पुढची पायरी फ्रँकफुर्टच्या रिचर्ड बॉट याची. १९७० च्या ग्रंथात त्याने नर खेकड्याच्या पोटाखालच्या उपांगांवर भर दिला. नर उलटा केला की पोटावर घट्ट बसलेला अरुंद पदर दिसतो. त्याच्या आड उपांगांच्या दोन जोड्या असतात. मीलनाच्या वेळी त्यांतून शुक्राणू मादीकडे जातात. कवचाचा आकार आणि रंग वयाप्रमाणे बदलतो, मात्र पूर्ण वाढ झालेल्या नरांत या उपांगांचे टोक आणि वळण जातीगणिक ठरलेले असते. त्यामुळे वरून सारखे दिसणारे खेकडे वेगळे ओळखता येऊ लागले.

आज नवी जात सांगायची तर एवढे सगळे करावे लागते. पूर्ण वाढलेला नर हवा, उपांगांची आकृती आणि मोजमापे हवीत, जवळच्या सर्व जातींशी तुलना हवी, नेमके ठिकाण हवे आणि एक प्रमाण नमुना संग्रहालयात ठेवलेला हवा. काही वेळा जनुकांची तुलनाही करतात. रंगीत छायाचित्र कितीही सुरेख असले तरी तेवढ्यावर भागत नाही.

नावे सह्याद्रीत परत आली

२०१४ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातले समीर कुमार पाती आणि आर. एम. शर्मा यांनी ‘घाटिआना’ ही नवी प्रजाती मांडली. नावातच घाट आहे. २०१६ मध्ये पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींचे वर्णन केले. ‘घाटिआना ॲट्रोपर्प्युरिआ’ म्हणजे गडद जांभळी आणि ‘घाटिआना स्प्लेंडिडा’ म्हणजे देखणी, या त्यांतल्या दोन. तिसरीला अल्कॉकचे नाव मिळाले. शंभर वर्षांपूर्वी संग्रह लावणाऱ्याचे ऋण असे फेडले गेले.

या अल्कॉकच्या नावाच्या जातीला तेव्हा बॉटच्या ‘गुबर्नेटोरिआना’ प्रजातीत ठेवले होते. २०१८ मध्ये पाती आणि ठाकरे यांनी हा गट पुन्हा तपासला, अकरा नव्या जाती सांगितल्या आणि ‘सह्याद्रिआना’ ही नवी प्रजाती केली. अल्कॉकची जात दोन वर्षांतच तिच्यात गेली. नाव बदलले म्हणून विद्यार्थ्यांनी गोंधळू नये. शास्त्रीय नावातला पहिला शब्द हा नात्याविषयीचा अंदाज असतो. पुरावा वाढला की अंदाज सुधारतो.

दोनशे पंचवीस वर्षांचा शोध

नाव असले तरी प्राणी हाती लागतोच असे नाही. लिनीअसचा शिष्य ॲडम अफ्झेलियस याने १७९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन येथे एक खेकडा गोळा केला. त्याचे वर्णन व्हायला १९२४ साल उजाडले. त्यानंतरही तो पुन्हा कोणा शास्त्रज्ञाला दिसला नाही. २०२१ मध्ये कॅमेरूनचे संशोधक पिएर म्वोगो न्दोंगो तिथे गेले. गावकऱ्यांना विचारत विचारत ते जंगलातल्या बिळांपर्यंत पोचले. ‘आफ्रिथेल्फुसा अफ्झेली’ सापडला, आणि १९५५ नंतर न दिसलेली त्याची एक भाऊबंद जातही सापडली. दोन्ही नदीपासून दूर, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या. गावकऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आणि बाटलीवरची चिठ्ठी यांची गाठ पडायला सव्वादोनशे वर्षे लागली.

नाव नसेल तर काय बिघडते?

२००९ मध्ये जगातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १,२८० जातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६२८, म्हणजे जवळजवळ निम्म्या जातींविषयी धोक्यात आहेत की सुरक्षित, हेही सांगता आले नाही. पुरेशी माहितीच नव्हती.

कोकणाच्या सड्यांवर चिरेखाणी निघतात, घाटातले रस्ते रुंद होतात. अशा ठिकाणच्या अहवालात नुसते ‘खेकडे’ असे लिहिले, तर एका कातळापुरतीच असलेली जात सगळीकडे आढळणाऱ्या जातीत मिसळून जाते. ती संपली तरी काही संपल्याची नोंद होत नाही. नावाची गरज इथे आहे.

शाळेला यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. त्यासाठी खेकडे मारण्याची किंवा साठवण्याची गरज नाही. पहिला खेकडा कोणत्या तारखेला दिसला, कुठे दिसला (व्हाळ, बांध, कातळाची भेग की झाडाची ढोली), रंग कोणता, पदर अरुंद की रुंद, म्हणजे नर की मादी, पदराखाली पिल्ले होती का, आणि गावात त्याला काय म्हणतात, एवढे एका वहीत दरवर्षी लिहावे. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि खेकडा जिथला तिथे सोडावा. अशा नोंदीवरून जातीचे नाव ठरणार नाही. पण कुठे, केव्हा आणि काय शोधायचे हे पुढच्या अभ्यासकाला त्यातूनच कळेल. साइक्स आणि जाकमाँ यांना सह्याद्रीत काही पावसाळेच मिळाले. शाळेला मात्र दर वर्षी नवा पावसाळा मिळतो.