वस्तुनिर्मितीचे नाव : कन्स्ट्रक्टर व स्टॅटिक फॅक्टरी मेथड

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये वस्तू निर्माण करण्याचे दोन मार्ग रूढ आहेत : एक कन्स्ट्रक्टरचा, दुसरा स्टॅटिक फॅक्टरी मेथडचा. यांपैकी दुसरा मार्ग १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथातून आला, असे पुष्कळदा मानले जाते. हा समज केवळ नामसादृश्यातून उद्भवलेला आहे. त्या ग्रंथातील ‘फॅक्टरी मेथड’ कोणती वस्तू निर्माण करावयाची हा निर्णय उपवर्गांकडे सोपविते; स्टॅटिक मेथडला उपवर्गांची अपेक्षाच नसते. तिचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

ऑस्लो येथे डाल व नीगोर यांनी सिद्ध केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत ‘न्यू’ आणि वर्गाचे नाव लिहिले की वस्तू निर्माण होई. निर्मितीच्या क्रियेला स्वतःचे असे नाव नव्हते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात वाढलेल्या स्मॉलटॉकने वर्गालाच एक वस्तू मानले. त्यामुळे ‘न्यू’ हा राखीव शब्द न राहता वर्गाला पाठविण्याचा एक संदेश झाला, आणि त्याच्या जोडीला हवे ते संदेश लिहिण्याची मोकळीक मिळाली. तारखेच्या वर्गाला ‘टुडे’ म्हटले की आजची तारीख हाती येई. स्टॅटिक फॅक्टरी मेथडचे खरे पूर्वज हे वर्गसंदेश होत.

मग पुढील भाषांनी हे नाव का टाकले? बेल लॅबोरेटरीजमध्ये स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून घडविलेल्या ‘सी विथ क्लासेस’मध्ये आणि तिच्यातून निघालेल्या सी-प्लस-प्लसमध्ये मुख्य चिंता हमीची होती. स्मॉलटॉकमध्ये नुसत्या ‘न्यू’ने कोरी, अर्धवट वस्तू हाती पडू शके. कन्स्ट्रक्टर आपोआप चालत असल्याने ती उणीव दूर झाली. मात्र त्याला वर्गाचेच नाव मिळाल्यामुळे दोन कन्स्ट्रक्टर केवळ त्यांना पुरविलेल्या मूल्यांच्या प्रकारावरून व संख्येवरून ओळखावे लागले.

जावाने १९९५ साली हीच व्यवस्था उचलली, आणि तिची किंमतही मोजली. ‘बिगइंटिजर’ वर्गाचा एक कन्स्ट्रक्टर बहुधा अविभाज्य असलेली संख्या देतो. परंतु लिखित ओळीवरून ते कोणासही कळत नाही. २००२ च्या १.४ आवृत्तीत ‘प्रोबेबलप्राइम’ ही मेथड आली आणि अर्थ नावात उतरला. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’त पहिलेच कलम या विषयाला दिले होते, हे लक्षणीय आहे.

नावाहून गंभीर प्रश्न ‘न्यू’च्या अर्थाचा होता. ‘न्यू’ दर वेळी नवीच वस्तू देतो. ‘इंटिजर’ वर्गाला ५ ही संख्या दोनदा मागितली तरी दोन भिन्न वस्तू मिळत. २००४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘व्हॅल्यूऑफ’ मेथड उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या संख्यांसाठी जतन केलेली एकच वस्तू परत देते. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ‘इंटिजर’चे कन्स्ट्रक्टर त्याज्य ठरविण्यात आले, २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीत ते पुढे काढून टाकण्याजोगे म्हणून नोंदले गेले.

तथापि कन्स्ट्रक्टर नाहीसा झाला, असे नव्हे. तो खासगी होऊन मेथडच्या आत राहतो आणि स्ट्राउस्ट्रुप यांना हवी असलेली हमी तेथून देतो. सर्वच कन्स्ट्रक्टर असे खासगी केले, तर बाहेरच्या कोणाला त्या वर्गाचा उपवर्ग मात्र करता येत नाही.